एडिटरच्या सेटिंग्जचा पत्ता

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर सुरू झाला की सगळ्यात आधी मालकाच्या सवयी वाचून घेतो. अक्षर किती मोठं हवं, टॅब दाबला की किती जागा सोडायची, कुठल्या कळीने काय व्हायला हवं, हे सगळं एका फाईलीत लिहिलेलं असतं. ती फाईल आहे कुठे, हे मात्र त्याला शोधावं लागतं. लिनक्सवर तो आधी होम फोल्डरमध्ये 'डॉट ईमॅक्स डॉट ईएल' पाहतो. ती नसेल तर नुसती 'डॉट ईमॅक्स'. तीही नसेल तर 'डॉट ईमॅक्स डॉट डी' या फोल्डरातली 'इनिट डॉट ईएल'. आणि यातलं काहीच नसेल, तर 'डॉट कॉन्फिग' फोल्डरात असलेल्या 'ईमॅक्स' फोल्डरात जाऊन तिथली 'इनिट डॉट ईएल'. एका फाईलीचे चार पत्ते.

ग्नू ईमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हातात आहे. मधल्या काळात ज्याने कधी 'डॉट ईमॅक्स' लिहिली असेल त्याची फाईल आजही चालली पाहिजे, असा या मंडळींचा दंडक. म्हणून प्रत्येक पिढीने नवी जागा सुचवली आणि जुनी तशीच राहू दिली. हे सौजन्य जुन्यांच्या सोयीचं आहे, पण त्याची किंमत नवखा मोजतो. तो कुठलीतरी सूचना वाचून एका जागी फाईल बनवतो, एडिटर दुसऱ्याच जागची वाचत असतो, आणि आपण लिहिलेल्या ओळींचा काहीच परिणाम का होत नाही हे शोधण्यात त्याची संध्याकाळ जाते.

चारही पत्त्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे नावाच्या सुरुवातीचं टिंब. युनिक्स आणि त्याच्या वंशातल्या यंत्रणांमध्ये 'एलएस' ही आज्ञा फोल्डरातल्या फाईलींची यादी देते, पण टिंबाने सुरू होणारी नावं गाळते. ही सोय कोणीतरी विचार करून केली असेल असं वाटतं. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितलेली हकीकत वेगळीच आहे. युनिक्सची फाईल-रचना आकाराला येत होती तेव्हा प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी आल्या. एक टिंब म्हणजे हाच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे याच्या वरचा. यादीत त्या दरवेळी डोळ्यांसमोर येऊ नयेत म्हणून 'एलएस'मध्ये एक तपासणी घालण्यात आली. नाव नेमकं एक टिंब किंवा दोन टिंबं आहे का, असं विचारायला हवं होतं. प्रत्यक्षात विचारलं गेलं ते एवढंच, की पहिलं अक्षर टिंब आहे का? त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाईल यादीतून नाहीशी झाली, आणि सेटिंग्ज ठेवायला ही जागा बरी आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी लगेच हेरलं.

पाइक याला सरळ चूक म्हणतात. त्यांच्या गटाने पुढे बनवलेल्या 'प्लॅन नाइन' या यंत्रणेत डॉट फाईली नव्हत्याच. तिथे वापरकर्त्याच्या सेटिंग्ज होममधल्या 'लिब' नावाच्या साध्या, सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरात असत. पाइक यांच्याशी मी सहमत आहे. सेटिंगची फाईल उपयोगाची आहे, तिचं लपणं नव्हे. जे दिसत नाही ते कोणी आवरायला घेत नाही, आणि नेमकं तेच झालं. व्हीआय एडिटरची 'डॉट ईएक्सआरसी' होती. ब्राम मूलनार यांनी १९९१ मध्ये व्हिम आणल्यावर 'डॉट व्हिमआरसी' आली, मागून तिची 'डॉट व्हिमइन्फो' आली. नॅनोने 'डॉट नॅनोआरसी' टाकली. एडिटरांचं बघून बाकीचे प्रोग्रामही तेच करू लागले. काही वर्षं वापरलेल्या लिनक्स यंत्रावर 'एलएस'ला 'ए' हा पर्याय जोडून होम फोल्डर पाहिलं, तर आपण निर्माण केलेल्या फाईलींपेक्षा आपल्या नकळत आलेल्याच जास्त दिसतात. डॉसमध्ये ही युक्ती चालत नसे, कारण तिथे टिंबाने नाव सुरू करता येत नव्हतं. म्हणून तिथे टिंबाच्या जागी अंडरस्कोर आला. डॉस इतिहासजमा झालं तरी विंडोजवरचा व्हिम आजही 'अंडरस्कोर व्हिमआरसी' शोधतो.

या पसाऱ्याला पहिली शिस्त लावली ती २००३ मध्ये, फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांच्या सामाईक मंचाने. त्यांच्या नियमावलीला एक्सडीजी म्हणतात. नियम असा, की सेटिंग्ज 'डॉट कॉन्फिग' या एकाच फोल्डरात जाव्यात, आणि आत प्रत्येक प्रोग्रामचा आपापला उपफोल्डर असावा. ज्याला ही जागा पसंत नसेल त्याने एका एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये दुसरी जागा लिहावी, प्रोग्रामने ती मानावी. टिंब राहिलंच, पण निदान सतराशे साठ टिंबांऐवजी मोजकी तीन-चार.

नियमावलीचा खरा मोठेपणा मात्र या फोल्डरच्या नावात नाही. तिने वस्तूंची जी विभागणी केली, तिच्यात आहे. सेटिंग्ज 'डॉट कॉन्फिग'मध्ये. प्रोग्रामला लागणारा आणि जपून ठेवायचा माल 'डॉट लोकल'खालच्या 'शेअर'मध्ये. पुन्हा बनवता येईल असं सगळं 'डॉट कॅश'मध्ये. २०२१ मध्ये चौथा कप्पा आला, 'डॉट लोकल'खालचा 'स्टेट'. काल कुठल्या फाईली उघडल्या होत्या, कर्सर कुठल्या ओळीवर होता, लॉगमध्ये काय लिहिलं गेलं, असल्या नोंदी तिथे. म्हणजे हरवल्या तर जरा चुकचुकल्यासारखं होईल, पण नव्या यंत्रावर मुद्दाम नेण्याइतक्या मोलाच्या नाहीत.

एडिटरच्या बाबतीत ही विभागणी फार महत्त्वाची आहे, कारण एडिटर हा प्रोग्राम स्वतःही खूप लिहितो. तुम्ही हाताने शंभर ओळींची सेटिंग्ज लिहिता. तो उतरवून घेतलेले प्लगिन, अनडूचा इतिहास, स्वॅप फाईली, शोधलेल्या शब्दांची यादी आणि अर्धवट वाचलेल्या फाईलींचे पत्ते लिहितो. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या कोणाचाही 'डॉट ईमॅक्स डॉट डी' उघडून पाहा. हाताने लिहिलेली 'इनिट डॉट ईएल' आणि प्रोग्रामने टाकलेलं बाकीचं सगळं एकमेकांत मिसळलेलं सापडेल. सातबाराचा उतारा आणि जुने पेपर एकाच ट्रंकेत ठेवावेत तसं. रद्दी काढायची वेळ आली की प्रत्येक कागद उलगडून बघावा लागतो, आणि मग रद्दीही निघत नाही. ईमॅक्समध्ये तर घुसखोरी आणखी आतपर्यंत होते. मेनूतून एखादं सेटिंग बदललं की तो बदल एडिटर तुमच्याच 'इनिट डॉट ईएल'च्या शेवटी स्वतः लिहून ठेवतो. तो मजकूर वेगळ्या फाईलीत पाठवायची सोय आहे. 'कस्टम-फाईल' या नावाच्या सेटिंगमध्ये दुसरी जागा द्यायची आणि सुरुवातीला ती फाईल वाचायला सांगायचं. ईमॅक्स वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करून टाकावं.

तेव्हा जागा ठरवताना माझी कसोटी एकच आहे. ही फाईल मी लिहिली की प्रोग्रामने? मी लिहिलेलं सगळं एका फोल्डरात, आणि त्या फोल्डरात दुसऱ्या कोणी लिहायचं नाही. मग त्या फोल्डरला नाव काही का असेना.

काही वस्तू या कसोटीवर अडतात. स्पेलिंग तपासताना आपण 'हा शब्द बरोबर आहे' म्हणून यादीत घालतो, ती यादी कोणाची? फाईल प्रोग्रामने लिहिली, पण प्रत्येक शब्दाचा निर्णय माणसाचा. मराठी लिहिणाऱ्याची ही यादी भराभर वाढते, कारण आडनावं, गावांची नावं आणि प्रत्यय लागलेली रूपं तयार शब्दसंग्रहात हमखास नसतात. व्हिम ही यादी सेटिंग्जच्याच फोल्डरात 'स्पेल' नावाच्या उपफोल्डरात ठेवतो, आणि मला ते योग्य वाटतं. ती पुन्हा बनवता येत नाही, म्हणून ती जपायच्या बाजूला.

आता कोण काय करतं ते पाहू. २०१४ मध्ये व्हिममधून फुटून निघालेल्या निओव्हिमला जुन्यांचं ओझं नव्हतं. त्याने चारही कप्पे पाळले. सेटिंग्ज 'डॉट कॉन्फिग'खालच्या 'एनव्हिम'मध्ये, प्लगिन 'शेअर'मध्ये, अनडू आणि स्वॅप 'स्टेट'मध्ये. मूळ व्हिम मात्र स्वॅप फाईल अजूनही, वेगळं सांगितलं नाही तर, आपण लिहीत असलेल्या फाईलीशेजारीच ठेवतो. ती चुकून गिटमध्ये जाते आणि सहकाऱ्यांना दिसते. व्हिमने २०१३ च्या ७.४ आवृत्तीपासून 'डॉट व्हिम' फोल्डरातली 'व्हिमआरसी' वाचायला सुरुवात केली, आणि 'डॉट कॉन्फिग'खालची जागा मानली ती थेट २०२४ मध्ये. नियमावली येऊन तोवर एकवीस वर्षं झाली होती. ईमॅक्सने २७.१ या आवृत्तीत, २०२० मध्ये, तोच मार्ग धरला.

पण दोघांनीही एक अट ठेवली. जुन्या जागी काही असेल तर नवी जागा पाहायची नाही. ईमॅक्सच्या बाबतीत ही अट फसवी आहे. 'डॉट ईमॅक्स डॉट डी' हा फोल्डर रिकामा असला तरी ईमॅक्स त्यालाच घर समजतो आणि 'डॉट कॉन्फिग'कडे फिरकत नाही. एखाद्या जुन्या प्रोग्रामने किंवा स्क्रिप्टने तो रिकामा फोल्डर तयार केला, की काल चालणारी सेटिंग्ज आज गायब. फाईल जागेवर आहे, तिच्यात एक अक्षर बदललेलं नाही, तरी एडिटर कोरा. व्हिममध्ये याच जातीचा दुसरा खड्डा आहे. ८.० आवृत्तीपासून व्हिमआरसी नसेल तर तो स्वतःची काही बरी सेटिंग्ज लावून घेतो. आपण हौसेने रिकामी व्हिमआरसी बनवली रे बनवली, की ती लावणं थांबतं. एक फाईल वाढली आणि रंगीत अक्षरं गेली, असं दिसतं.

विंडोज आणि मॅकवर वेगळाच संसार. विंडोजमध्ये 'अ‍ॅपडेटा' हा लपवलेला फोल्डर आहे आणि त्यात 'रोमिंग' व 'लोकल' असे कप्पे आहेत. कचेरीच्या नेटवर्कमध्ये तशी व्यवस्था केलेली असेल तर 'रोमिंग'मधला माल माणसाबरोबर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जातो, 'लोकल'मधला तिथेच राहतो. व्हीएस कोड आपली 'सेटिंग्ज डॉट जेसन' रोमिंगमध्ये ठेवतो, निओव्हिम लोकलमध्ये. दोन्ही एडिटर नीट विचार करणाऱ्यांनी लिहिलेले, उत्तरं मात्र उलटी. मॅकवर व्हीएस कोड 'लायब्ररी'खालच्या 'अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट'मध्ये जातो, तर टर्मिनलमधून चालणारे एडिटर तिथेही लिनक्ससारखे डॉट फोल्डरच वापरतात. यात बरोबर कोण हा वाद मिटणारा नाही. आपल्या एडिटरने जी जागा नेमली आहे तिथेच राहावं, नसता उत्साह दाखवू नये.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा रोज वेगळ्या खुर्चीवर बसावं लागणाऱ्या कचेरीत होम फोल्डरचा भरवसा नसतो. यंत्र बंद करून सुरू केलं की सगळं पूर्ववत, असंही अनेक ठिकाणी असतं. तिथे सेटिंग्ज एडिटरच्याच पोटात असलेल्या बऱ्या. नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरात 'डू लोकल कॉन्फ डॉट एक्सएमएल' नावाची रिकामी फाईल ठेवली की तो अ‍ॅपडेटाचा नाद सोडून आपल्या फोल्डरातच सेटिंग्ज लिहितो. विंडोजवर व्हीएस कोडची झिप आवृत्ती उलगडून तिच्यात 'डेटा' नावाचा फोल्डर केला की तोही तसाच वागतो. मग एडिटर, सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स एकाच पेनड्राइव्हवर खिशात.

आतापर्यंत बोललो ते एका माणसाच्या आवडीनिवडीबद्दल. पण काही सेटिंग्ज माणसाच्या नसतात, त्या कामाच्या असतात. चौघांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पात टॅब वापरायचा की स्पेस, ओळीचा शेवट कसा करायचा, मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये साठवायचा, हे प्रत्येकाने आपल्या घरी ठरवून चालत नाही. त्यासाठी प्रकल्पाच्या मुळाशी 'डॉट एडिटरकॉन्फिग' ही फाईल ठेवतात. वेगवेगळे एडिटर ती वाचतात, कोणी थेट, कोणी प्लगिन लावून. उघडलेल्या फाईलीपासून एकेक फोल्डर वर चढत ती शोधली जाते, आणि 'रूट' असं लिहिलेली फाईल भेटली की शोध थांबतो. मराठी मजकूर असलेल्या प्रकल्पात तिच्यात यूटीएफ-८ ची ओळ हवीच. कारण विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ ही आपली नेहमीची पद्धत केली ती २०१९ मध्ये. तोवर तो आपणहून 'अ‍ॅन्सी' सुचवायचा, आणि त्यात साठवलेल्या देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायची. ही ओळ एकाच्या खासगी सेटिंगमध्ये असून काय उपयोग?

प्रकल्पातल्या सेटिंग्जमध्ये धोकाही आहे. दुसऱ्याने दिलेला फोल्डर उघडला आणि त्यातली सेटिंग्जची फाईल एडिटरने मुकाट वाचली, तर त्या दुसऱ्याच्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालू शकतात. हे काल्पनिक नाही. व्हिममध्ये फाईलीच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या काही ओळींत त्या फाईलीपुरती सेटिंग्ज लिहिता येतात, त्यांना मोडलाइन म्हणतात. २०१९ मध्ये असं उघडकीला आलं की नीट रचलेल्या मोडलाइनमधून, निव्वळ फाईल उघडताच, हव्या त्या आज्ञा चालवता येतात. व्हिम आणि निओव्हिम दोघांनाही तातडीने दुरुस्ती करावी लागली. चालू फोल्डरातली 'डॉट ईएक्सआरसी' वाचण्याची जुनी सोय व्हिममध्ये मुळातच बंद ठेवलेली असते ती याच भीतीने. व्हीएस कोड २०२१ पासून अनोळखी फोल्डर उघडताना 'या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का' असं विचारतो. आपण बहुतेक जण न वाचता हो म्हणतो, ही गोष्ट वेगळी.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अनेक ठिकाणी पाच-सात जणांचं मिळून एकच लॉगिन असतं. तिथल्या होममध्ये आपली व्हिमआरसी टाकणं म्हणजे सगळ्यांच्या कळा बदलून ठेवणं, आणि रात्री दोन वाजता बिघाड दुरुस्त करायला आलेला माणूस त्याबद्दल तुम्हाला दुवा देणार नाही. आपली फाईल वेगळ्या नावाने ठेवावी आणि व्हिमला 'यू' हा पर्याय देऊन तिचा पत्ता सांगावा. निओव्हिममध्ये 'एनव्हिम अ‍ॅपनेम' हे व्हेरिएबल आणि ईमॅक्समध्ये २९ व्या आवृत्तीपासून 'इनिट डिरेक्टरी' हा पर्याय त्याच कामाचा. यंत्रणेच्या फाईली बदलताना 'सुडो' लावून एडिटर उघडण्यापेक्षा 'सुडोएडिट' वापरावं. ते फाईलीची तात्पुरती प्रत करून आपल्याच नावाने एडिटर उघडतं. सेटिंग्ज आपल्या मिळतात, आणि आपले प्लगिन सर्वाधिकार घेऊन धावत नाहीत.

हाताने लिहिलेलं एका फोल्डरात आलं, की तो फोल्डर गिटमध्ये ठेवणं सोपं होतं. खरी ठेव गिटच्या फोल्डरात, आणि एडिटरच्या नेमलेल्या जागी तिच्याकडे बोट दाखवणारा सिमलिंक, ही रूढ पद्धत. ग्नू स्टो हे साधन असे सिमलिंक एका आज्ञेत लावून देतं. पण तो गिटचा साठा सार्वजनिक करण्याआधी त्यात पासवर्ड किंवा एपीआय की नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. आजकाल एडिटरमध्ये एआयचे प्लगिन असतात आणि त्यांच्या किल्ल्या सेटिंग्जमध्ये लिहिण्याचा मोह होतो. गिटमधून ओळ पुसली तरी इतिहासात ती राहते. किल्ली एकदा बाहेर गेली की ती रद्द करून नवीन घेण्यावाचून इलाज नाही.

मग आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय करावं? लिनक्सवर असाल तर 'डॉट कॉन्फिग'. एडिटर नवा असेल तर तो तिथेच नेतो, ईमॅक्स किंवा ताजा व्हिम असेल तर जुन्या जागा आधी रिकाम्या करा. जुनी 'डॉट व्हिमआरसी' वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असेल, आणि अनेक जुन्या सर्व्हरवर तीच न्यावी लागत असेल, तर निव्वळ नीटनेटकेपणासाठी ती हलवू नका. त्या सर्व्हरवरचे व्हिम नवा पत्ता ओळखणार नाहीत.

हलवायचीच असेल तर आधी एडिटरला विचारा. व्हिममध्ये कोलन देऊन 'व्हर्जन' लिहिलं की तो कुठकुठल्या जागा पाहतो त्याची यादी येते, आणि 'स्क्रिप्टनेम्स' लिहिलं की प्रत्यक्षात कुठल्या फाईली वाचल्या तेही कळतं. ईमॅक्समध्ये 'यूजर-इनिट-फाईल' या व्हेरिएबलची किंमत पाहा. निओव्हिममध्ये 'एसटीडीपाथ' या फंक्शनला 'कॉन्फिग' विचारा. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेटमधून यूजर सेटिंग्जची जेसन फाईल उघडा आणि तिचा पत्ता वाचा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये प्रश्नचिन्हाच्या मेनूत 'डीबग इन्फो' आहे, तिथे लोकल कॉन्फ चालू आहे की बंद ते लिहिलेलं असतं.